गुलाबी खुंटी

कवळीमास्तरांना माशांच्या टाकीला हात लावायची बंदी होती, आणि खरं सांगायचं तर बंदी रास्तच होती.

माणूस वाईट नव्हे हो. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या कवळ्या बनवल्या. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप तेवढं पाठवायचे. पुढचं मेण, प्लास्टर, हिरड्या, दात, घासणं, चकाकी आणणं, सगळं मास्तर आपल्या एका खोलीच्या कारखान्यात बसून करायचे. त्यांची कवळी घातलेला माणूस कडक टोस्ट कडाकडा चावायचा, आणि शिंकला तरी कवळी जागची हलायची नाही. मग संगणकावर दात कापणारी यंत्रं आली, डॉक्टर एकेक करून तिकडे वळले, आणि मास्तरांनी कारखान्याला कुलूप लावलं. "एकटे कशाला राहता?" म्हणत मुलगा त्यांना आपल्या घरी घेऊन आला. हत्यारांची पत्र्याची ट्रंक सोबत आली ती थेट पलंगाखाली गेली. तिची दोरीसुद्धा कोणी सोडली नाही.

घर तिसऱ्या मजल्यावरचं. बाहेरच्या खोलीत, जिथे इतरांकडे टीव्ही असतो तिथे, साडेचार फूट लांब खाऱ्या पाण्याची टाकी. ती सूनबाईची. सूनबाई मोटार चालवायला शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आणि आपल्या पायाखाली एक जादा ब्रेक. बारा वर्षं तो ब्रेक दाबून दाबून तिच्या उजव्या पायाला खोड लागली होती. घरातही काही बिनसतंय असं दिसलं की पाय जमिनीवर धाडकन आपटायचा. दूध उतू जायला लागलं, आपट. नवरा गरम भांडं रिकाम्या हाताने उचलायला गेला, आपट. खालच्या मजल्यावरच्या बाई पूर्वी वर येऊन काय झालं विचारायच्या, हल्ली त्यांनीही नाद सोडला होता.

आणि मुलगा? तो बेकरीत. पहाटे जायचा, दुपारी यायचा, जेवायचा आणि ढाराढूर झोपायचा. घरात कसलाही वाद निघाला की त्याचं एकच वाक्य ठरलेलं, "मला यात ओढू नका."

टाकीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली दोन माशांची जोडी होती. त्यातली मोठी मादी म्हणजे हेडबाई, कारण अख्खी टाकी तिच्या धाकात. तिच्या मागे मागे फिरणारा छोटा नर म्हणजे कारकून. माशांच्या अंगावरची घाण टिपणारी एक लालबुंद कोळंबी, ती झाडूवाली. आणि सगळ्यांच्या मधोमध खडकावर बसलेलं समुद्रफूल. नाव फूल, पण तो जिवंत प्राणी बरं का. ताटलीएवढा, अंगभर बोटांसारख्या मऊ लांब कांड्या, लाटेबरोबर डुलणारा. हेडबाई आणि कारकून त्याच्याच कुशीत झोपायचे. सूनबाईने ते आणलं तेव्हा शर्टाच्या बटणाएवढं होतं. पाच वर्षं तिने त्याला वाढवलं होतं, आणि त्याच्याबद्दल बोलताना तिचा आवाज वेगळाच व्हायचा.

मास्तरांनी घोळ घातला तो आल्यापासून तिसऱ्याच आठवड्यात. पाणी गरम ठेवणारा हीटर काचेला रबरी कपांनी चिकटवलेला होता आणि तो रोज थोडा थोडा खाली घसरायचा. मास्तरांनी चष्मा पुसून निरखून पाहिलं. कपांवर चक्क कीटण! बुळबुळीत थर, आणि त्यावर चुन्यासारखा कडक पापुद्रा. असल्या जागी कवळी काय, काहीच धरणार नाही. सूनबाई कामावर होती, मुलगा घोरत होता. मास्तरांनी कप काढले, कवळ्या धुवायच्या फेसाळ गोळ्यांच्या पाण्यात तासभर बुडवले, लख्ख केले, कसेबसे विसळून पुन्हा लावले आणि शाबासकीची वाट बघत बसले.

टाकीखालच्या कपाटात पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं एक यंत्र असतं. त्याला फेस करायला निमित्तच हवं असतं, आणि मास्तरांनी ते आयतं हातात दिलं होतं. संध्याकाळी सूनबाई दार उघडते तो काय, फेसाने कपाटाचं दार ढकलून खोलीत ठाण मांडलेलं आणि घरभर पुदिन्याचा घमघमाट! त्या दिवशी पाय असा आपटला की खालच्या बाई पुन्हा वर आल्या.

कोणी मेलं नाही हे नशीब. पण चार दिवस सूनबाई कामावरून येऊन बादल्या बादल्या पाणी बदलत होती. ओरडली असती तर परवडलं असतं. ती फक्त म्हणाली, "बाबा, टाकीला हात नका लावू, एवढंच. तुम्ही आराम करा."

आराम करा! हे दोन शब्द मास्तरांच्या जिव्हारी लागले. भाजी चिरायला घेतली, आराम करा. गळका नळ बघायला गेले, आराम करा. आराम करा म्हणजे काय, तर वाटेतून बाजूला व्हा, असंच त्यांना ऐकू यायचं. एके काळी डॉक्टर फोनवर फोन करायचे, "मास्तर, हे जरा बघता का?" तेवढं एक वाक्य पुन्हा कोणीतरी म्हणावं, यापलीकडे त्यांना आता काही नको होतं. आणि या घरात ते कोणी म्हणेल असं चिन्ह दिसत नव्हतं. शेवटी धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, "एक तारखेला तुझ्याकडे येतो. कायमचा."

बहीण हरखली. "ये रे दादा. इथे तुला काडीचं काम नाही. नुसता आराम!"

मास्तरांनी फोन ठेवला. मुलाला आणि सुनेला अजून त्यांनी काही सांगितलं नव्हतं. एक तारखेला नऊ दिवस होते.

त्या गुरुवारी सकाळी मास्तर पेपर वाचत टाकीपासून ठरल्या अंतरावर बसले होते. टाकीत लाटा करणारा मुठीएवढा एक पंखा होता. काचेच्या आत एक चुंबक, बाहेर एक, दोघं मध्ये काच घेऊन एकमेकांना घट्ट धरून बसायचे आणि त्यांच्या जोरावर पंखा जागेवर राहायचा. अचानक बाहेरचं चुंबक टक्कन फरशीवर पडलं. आत पंखा धाडकन वाळूत कोसळला, आणि तसाच चालू राहून त्याने वाळूचं वादळ उठवलं. ती सगळी वाळू थेट समुद्रफुलावर.

मास्तर ताडकन उठले, दोन पावलं गेले आणि जागच्या जागी थांबले. बंदी म्हणजे बंदी. त्यांनी सूनबाईला फोन लावला.

"पंखा पडला गं! वाळू उडतेय, फुलावर ढीग झालाय."

"बाबा, पांढऱ्या पट्टीवरचं तिसरं बटण बंद करा." मग शेजारच्या शिकाऊ माणसाला, "आरसा बघा हो, आरसा!" मग पुन्हा यांना, "फक्त बटण हं बाबा. हात आत नका घालू."

मास्तरांनी फक्त बटण बंद केलं आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

तासाभरात सूनबाई दोन धडे रद्द करून घरी आली. तिने पंखा बाहेर काढला आणि मटकन खाली बसली. आतल्या चुंबकावरचं प्लॅस्टिक तडकलं होतं, खारं पाणी आत शिरलं होतं आणि तड्यातून तांबडा गंज ओघळत होता. हे पुन्हा पाण्यात घालणं म्हणजे टाकीत विष कालवणं. तिने माशांच्या दुकानात फोन केला. दुकानदार नेहमीसारखा मजेत होता. "नवीन चुंबक ना? मागवतो की! दहा दिवसांत हजर."

दहा दिवस! सूनबाईने रबरी कप लावून पाहिले, पंखा दहा मिनिटांत खाली. प्लॅस्टिकच्या पट्टीने खडकाला बांधून पाहिला, खडकच हलायला लागला. पाय दोनदा आपटला.

"पाणी तर फिरतंय की," मास्तर लांबूनच म्हणाले. कपाटातून पाणी वर चढवणारी मोठी मोटर चालूच होती.

"तेवढं त्याला पुरत नाही बाबा. लाट मिळाली नाही की ते रुसतं, आणि रुसलं की जागा सोडून चालायला लागतं. कोपऱ्यात पाणी खाली जातं त्या जाळीत जाऊन अडकलं तर फाटेल. आणि ते फाटलं की सगळं पाणी नासेल. हेडबाई, कारकून, कोणी वाचणार नाही." समुद्रफूल खरंच आक्रसून निम्मं झालं होतं.

मास्तरांच्या जिभेवर मघापासून एक वाक्य वळवळत होतं. गप्प बसावं, आराम करावा, असं त्यांनी स्वतःला बजावलंही. पण चाळीस वर्षांचं काम असं गप्प बसत नाही.

"सूनबाई, एक बोलू?"

"बोला ना."

"ओल्या जागी वस्तू चिकटवायची नसते. बसवायची असते."

"म्हणजे?"

"खालची कवळी कशाच्या जोरावर राहते सांग बरं? तिथे जीभ वळवळते, लाळ सुटते, माणूस बडबडतो. डिंक लावून ती राहील का? ती हिरडीच्या कडेवर बसते. दोन्ही बाजूंनी उतरते आणि कडेला मिठी मारते. तुझी काच म्हणजे हिरडी समज. गुळगुळीत पोटाला काय चिकटवत बसलीस? वरची कड धर. त्यातही कोपरा धर. कोपऱ्यात दोन बाजूंनी पकड मिळते, अक्कलदाढेसारखी."

सूनबाईने काचेच्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "असं काही बनवता येईल?"

"येईल की. पण मला हात लावायची बंदी आहे."

"कडेला लावा. पाण्याला नको."

"आणि पंखा?"

"पंखा बाहेर आहे, त्याला लावा. पण बाबा, लोखंडाचा स्क्रू नको हं. मीठ खाऊन टाकतं."

"अगं, चाळीस वर्षांत एकाच्याही तोंडात मी स्क्रू पिळला नाही!" मास्तर म्हणाले, आणि म्हणता म्हणता आत जाऊन गुडघ्यांवर बसून त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली. दोरीची गाठ सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. ते दात मात्र स्वतःचे होते.

माप घ्यायची पूड त्यांनी रबरी वाडग्यात पाण्याबरोबर घोटली. "ही पूड समुद्राच्या शेवाळापासूनच करतात," ते म्हणाले, "तेव्हा तुझ्या मंडळींना परकी नाही." मग त्यांनी तो मऊ लगदा काचेच्या कोपऱ्यावर दाबला, दोन्ही हातांनी धरला, आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हं, आता नाकाने श्वास घ्या. हलू नका. झालंच."

सूनबाई खो खो हसायला लागली. "बाबा, काच आहे ती!"

"असू दे. काचेलाही धीर द्यावा लागतो." मास्तरांचे कान मात्र लाल झाले होते. कारखाना बंद झाल्यापासून त्यांच्या कामाकडे बघून कोणी असं हसलं नव्हतं.

पंख्याच्या पाठीला एक गोल मान होती, ती चुंबकाच्या खोबणीत अडकायची. मास्तरांनी तिचंही माप घेतलं. मग मेण तापवलं, वळवलं, कापलं, फुंकर घालून गुळगुळीत केलं. वरून काचेवर बसणारी टोपी, तिच्यातून खाली उतरणारा दांडा, दांड्याच्या टोकाला गोल खोबण. सूनबाई स्टूल ओढून बघत बसली. मेणाचा नमुना पितळी साच्यात प्लास्टरमध्ये गेला, मेण वितळून बाहेर आलं, आणि त्या पोकळीत मास्तरांनी कवळीचा मसाला ठासून भरला. साचा घट्ट आवळून स्वयंपाकघरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात उकळत ठेवला.

तोवर मुलगा बेकरीतून आला. "कसला वास येतोय?"

"तुझ्या पातेल्यात हिरडी शिजतेय," सूनबाईने सांगितलं.

मुलाने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. "मला यात ओढू नका," म्हणाला, पाव खाल्ला आणि झोपायला गेला.

साचा गार करून, फोडून, घासून, पाच वाजायच्या आत मास्तरांनी वस्तू सूनबाईच्या हातावर ठेवली. खुंटी झकास झाली होती. फक्त गुलाबी होती. अगदी हिरडीसारखी गुलाबी, आत बारीक लाल धागेसुद्धा.

"दुसरा रंग नाही का हो बाबा?"

"हिरडी गुलाबीच असते. निळी हिरडी मला आजवर कोणी मागितली नाही."

सूनबाईला आता दम निघेना. ती खुंटी घेऊन टाकीकडे निघाली, आणि मास्तर आडवे आले.

"आज नाही."

"म्हणजे?"

"चोवीस तास पाण्यात राहू दे. मसाल्यातलं कच्चं औषध निघून जायला हवं. नवी कवळीसुद्धा मी चोवीस तास झाल्याखेरीज कोणाच्या तोंडात जाऊ देत नाही."

"बाबा, फूल मरेल हो तोवर!" पाय आपटला.

"आपट हवा तेवढा. आजचा ब्रेक माझ्या पायाखाली आहे." मग मास्तरांचा आवाज खाली आला. "त्या दिवशी ते कप मी घाईने विसळले. तुला विचारलंही नाही. शाबासकी हवी होती मला, म्हणून. तुझे चार दिवस पाणी उपसण्यात गेले. एकदा केली ती चूक पुन्हा नाही करणार."

सूनबाईने बादलीत स्वच्छ पाणी घेतलं आणि खुंटी त्यात सोडली. मास्तरांनी घड्याळ बघून कॅलेंडरवर लिहिलं, उद्या पाच.

शुक्रवारी सूनबाईला कामावर जावंच लागलं. जाताना तिने मास्तरांना प्लॅस्टिकची लांब दांड्याची पळी दिली. "दर अर्ध्या तासाने पाणी ढवळा. हात वरच ठेवा." मास्तरांनी दिवसभर पाणी ढवळलं, बादलीतलं पाणी तीनदा बदललं, आणि तासातासाला फोनवर खबर दिली. "दोन बोटं सरकलं." "वळलं." "आता काचेकडे निघालंय, पाहुण्यांकडे निघाल्यासारखं."

सव्वाचार वाजता त्यांनी पळी टाकली आणि फोन घेतला. समुद्रफुलाने खडक सोडला होता. एक गिरकी घेऊन ते तरंगत तरंगत कोपऱ्यातल्या जाळीला जाऊन टेकलं, आणि पाण्याच्या ओढीने त्याच्या कांड्या जाळीच्या फटींत शिरायला लागल्या.

"अडकलं गं! जाळीत अडकलं!"

"सगळी बटणं बंद करा, सगळी!"

मास्तरांनी एका दमात सहाही बटणं बंद केली. ओढ थांबली. पण मोटर थांबली तशी पाण्याची पातळी दोन बोटं खाली उतरली, आणि फूल फटींत अडकलेल्या कांड्यांवर हवेत लोंबकळायला लागलं. त्याचं स्वतःचंच वजन त्याला फाडणार, हे मास्तरांना दिसत होतं. त्यांचा हात टाकीच्या कडेपर्यंत गेला, आणि तिथे थांबला.

"सूनबाई, ते लोंबतंय. खालून आधार हवा. हात घालू का?"

पलीकडून कचकन ब्रेक लागल्याचा आवाज आला, आणि कोणीतरी "बाई, मी काय केलं?" असं रडवेल्या आवाजात विचारलं. मग सूनबाई ओरडली, "घाला बाबा! घाला! साबण नको, नुसत्या पाण्याने धुऊन घाला. आणि ओढू नका त्याला."

"ओढतो कशाला? लगदा घट्ट व्हायच्या आत ओढला तर माप फाटतं, मला सांगतेस?" मास्तर म्हणाले, पण तेव्हा ते नळापाशी पोचले होते.

कोपरापर्यंत धुतलेला हात त्यांनी पाण्यात घातला आणि तळवा समुद्रफुलाखाली धरला. ते मऊ होतं, गार होतं, आणि हाताला जरासं चिकटत होतं. त्याचं सगळं ओझं त्यांनी आपल्या तळव्यावर घेतलं. एवढ्यात हेडबाई आली. आपल्या घराला हात लावणारा हा कोण? तिने मास्तरांच्या अंगठ्याला चावा घेतला. मग दुसरा. कारकुनानेही मागून येऊन एक लाजतलाजत चावा घेतला.

"चाव बाई," मास्तर म्हणाले, "तुझ्याच घराची दुरुस्ती चालली आहे." हात त्यांनी तसूभर हलवला नाही. खांदा भरून आला, पाठ आखडली. पण ओझं कमी झालं तशी समुद्रफुलाची एक कांडी फटीतून मागे आली. थोड्या वेळाने दुसरी. मास्तर एकेक मोजत राहिले.

पंचवीस मिनिटांनी सूनबाई धापा टाकत दारातून आत आली तेव्हा शेवटची कांडी सुटली होती, आणि सासरे बाहीसकट भिजून, फूल तळव्यावर घेऊन, एका पायावर तोल सावरत उभे होते. तिने चटकन हात धुतले, आणि मास्तरांच्या हाताखाली प्लॅस्टिकची जाळीदार टोपली धरली. फूल अलगद टोपलीत उतरलं. एक कांडीही तुटली नव्हती.

"आता खुंटी लावूया," सूनबाई म्हणाली.

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. "पाचला वीस कमी आहेत."

सूनबाईने तोंड उघडलं, आणि मिटलं. "बरं. पाच वाजता." ती टोपली धरून शांतपणे उभी राहिली. मास्तर बादलीपाशी जाऊन बसले.

नेमका तेव्हाच आत नळापाशी राहिलेला मास्तरांचा फोन वाजायला लागला. दोघांचे हात ओले. शेवटी मुलगाच डोळे चोळत फोन कानाला लावून बाहेर आला. "बाबा, आत्या विचारतेय, एक तारखेला कितीची गाडी धरणार? तुमची खोली तिने आवरून ठेवली आहे म्हणे. कसली खोली?"

सूनबाई मास्तरांकडे वळली.

"जाणार होतात बाबा? न सांगता?"

मास्तर बादलीतल्या खुंटीकडे बघत म्हणाले, "इथे माझं काय काम? तू म्हणतेस आराम करा. करायचाच आराम तर कुठेही होतो."

"अहो बाबा!" सूनबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि दोन्ही हात टाकीत असल्यामुळे ते पुसताही येईना. "माझे वडील कामाला जुंपलेले होते शेवटच्या दिवसापर्यंत. त्यांना 'आराम करा' म्हणायचं माझं राहूनच गेलं. म्हणून मी तुम्हाला म्हणायचे. तुम्हाला ते असं लागत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"आणि मी कधी सांगितलं नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी ओल्याच मनगटाने डोळे पुसले, आणि ते चांगलेच झोंबले, कारण मीठ.

मुलगा फोन हातात धरून मधोमध उभा होता. त्याने सवयीने तोंड उघडलं, पण यावेळी त्याचं ठरलेलं वाक्य काही बाहेर आलं नाही. "आत्याला मी काय सांगू?" एवढंच त्याने विचारलं.

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले.

मास्तरांनी खुंटी बादलीतून काढली, तीनदा विसळली आणि काचेच्या कोपऱ्यावर टेकवून वरून अंगठ्याने दाबली. खट्ट. त्यांनी ती हलवून पाहिली, ओढून पाहिली. खुंटी जागची हलेना. पंख्याची मान खोबणीत अडकवली. बटणं चालू झाली, पाणी वर चढलं, आणि पंख्यातून पहिली लाट निघून टाकीच्या या टोकापासून त्या टोकाला गेली. टोपलीतल्या समुद्रफुलाने आधी एक कांडी हलवली, मग सगळ्याच. हेडबाई मास्तरांकडे एक जळजळीत नजर टाकून त्यात घुसली आणि कारकून तिच्या पाठोपाठ.

सूनबाईने टोपली खडकावर टेकवली. मग हात पुसून ती खुर्चीत बसली. "बाबा, तो हीटर अजून खाली घसरतोय. हे जरा बघता का?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मुलाला म्हणाले, "आत्याला सांग, दादाला इथे काम लागलंय. सध्या जमणार नाही."

त्यांनी हीटरचं बटण बंद केलं, हात कोपरापर्यंत धुतला आणि टाकीच्या कडेवर ठेवला. सवयीने त्यांची नजर सूनबाईच्या उजव्या पायाकडे गेली. तो पाय जमिनीवर नव्हताच. दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन, मांडी घालून, ती आरामात बसली होती. मग मास्तरांनी हात बिनधास्त आत घातला, आणि हेडबाईने येऊन त्यांना कडकडून चावा घेतला.